दुसरा हात

मासेखात्यात नोकरीला लागेपर्यंत मी मासा फक्त पंचांगात पाहिला होता, मीन राशीच्या चित्रात. हिवरखेडचं आमचं घराणं भिक्षुकीचं. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा वडील म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगत जा, मत्स्य हा पहिला अवतार आहे." आईनं माझे ऑफिसचे कपडे अंगणात वेगळ्या दोरीवर वाळत घालायला सुरुवात केली. ती दोरी माझ्या निवृत्तीपर्यंत टिकली. अमरावतीत जोशी पुष्कळ होते, त्यामुळे ओळख पटावी म्हणून लोक मला मासे-जोशी म्हणत. मी आजतागायत मासा खाल्लेला नाही. मात्र रोहूच्या डोळ्याकडे बघून तो आज धरलेला की कालचा, हे सांगू शकतो.

एकाच खुर्चीवर बसून मी तीन राज्यांची चाकरी केली. आधी मध्यप्रदेश, मग द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. राज्यं बदलली, खुर्ची तीच राहिली, फक्त तिचा वेत सैल होत गेला.

या खात्याला काम तरी काय, असं वऱ्हाडात सगळे विचारत. "मासे पान्यात राह्यतेच ना, त्याईले सरकार कायले पायजे?" शंका रास्त होती. पण रोहू-कटल्यासारखे मोठे मासे तलावाच्या साठलेल्या पाण्यात वाढतात, तिथे त्यांना पिलं होत नाहीत. त्यासाठी नदीचा पूर लागतो. म्हणून पावसाळ्यात बंगालमधून माशांचं बीज रेल्वेनं बडनेऱ्याला यायचं. बीज म्हणजे जिऱ्याएवढी पिलं, मडक्यांत भरलेली. मडक्यातलं पाणी सतत हलतं ठेवावं लागे, नाहीतर पिलं गुदमरून तळाशी बसत. त्यासाठी प्रत्येक मडक्याजवळ एक माणूस बसायचा आणि हातानं पाणी थापटत राहायचा. हात थांबला की बीज मेलं. इतका साधा धंदा होता.

बडनेऱ्याहून तलावापर्यंत बैलगाडीनं न्यायला मी स्टेशनावरच रोजानं माणसं घ्यायचो. एका वर्षी चार माणसं हवी होती, आणि रांगेत चौथा उभा होता तो सुखदेव. भातकुलीकडचा, तिशीचा, काटक. सदऱ्याच्या डाव्या बाहीला कोपराशी गाठ मारलेली. अकोल्याला एका जिनिंगमध्ये कामाला असताना हात यंत्रात गेला होता.

"तू कशाला आलास?" मी विचारलं.

"पानी हालवाले."

"एका हातानं?"

त्यानं गाडीत बसलेल्या तिघांकडे पाहिलं. तिघेही एकेका हातानंच पाणी थापटत होते, दुसऱ्या हातानं गाडीचा दांडा धरून.

"साहेब, किती हातानं हालवतेत?"

"अरे, पण हात दमला की बदलावा लागतो."

"मी दमलो का पाय बदलीन," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

त्यानं खरंच तसं केलं. वाट तीन-चार तासांची होती. अर्ध्या वाटेत हात भरून आला तेव्हा त्यानं पाय धुतला आणि मडक्यात घातला. बाकीचे हसले. माझ्या भिक्षुकी मनालाही ते कसंसंच वाटलं. पण हात कोणता आणि पाय कोणता हे पिलांना कळत नाही. तलावात सोडताना चार मडक्यांपैकी सर्वांत चपळ पिलं त्याच्या मडक्यातली निघाली. दप्तरात मी लिहिलं, "मजूर चार, काम समाधानकारक." नाव लिहिलं नाही. तशी पद्धत नव्हती. पद्धत नव्हती हे कारण सरकारी माणसाला जन्मभर पुरतं.

त्या तलावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याच्या काठावर एक मंडळ होतं, आणि मंडळातल्या काहींचे नातू अजून जिल्ह्यात वकिली करतात. हे गळानं मासे धरणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ. गोऱ्या साहेबांनी काढलं, आणि ते गेल्यावर आपल्या साहेबांनी त्यांच्या टोप्यांसकट चालू ठेवलं. तलाव मंडळासाठी राखीव होता. वर्षातून एकदा, होळीच्या आधीच्या रविवारी स्पर्धा व्हायची, आणि बीज आमच्या खात्याचं म्हणून पंचही आमच्या खात्याचा. रविवार बुडवायला वरचे कोणी तयार नसत. मासा न खाणारा पंच निःपक्षपाती असतो, असा शोध आमच्या साहेबांनी लावला आणि माझी वर्णी लागली.

पाच तासांत ज्याचा एक मासा सर्वांत वजनदार, तो पहिला. त्याला चांदीचा पेला आणि वर्षभर काठावर कुठेही बसून मासे धरण्याचा परवाना. मंडळाच्या लोकांकडे परवाने होतेच, त्यामुळे तो कागद कोणी खिशातही घालत नसे. एकदा तर त्यावर भजी खाल्लेली मी पाहिली आहेत.

माणसं हौशी होती आणि काही खरोखर तरबेज होती. हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढे मी त्यांची थट्टा करणार आहे. बापूसाहेब वकील पंचवीस हातांवर तरंगणाऱ्या पानाशेजारी गळ टाकत, आणि आधी पान कोणतं ते सांगत. पण त्यांना आमिषाला हात लावायची किळस. गांडूळ असो की कणकेचा गोळा, गळाला लावायचा तो त्यांच्या कारकुनानं. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मॅजिस्ट्रेट होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. संधिवातानं त्यांची मनगटं सुजलेली, म्हणून मासा लागला की दोर गुंडाळायची चरखी फिरवायचा त्यांचा शिपाई. कापसाचे एक मोठे दलाल होते, त्यांना वाकता येत नसे, म्हणून मासा जाळीत घ्यायचा त्यांच्या ड्रायव्हरनं. अर्जात एक रकाना होता, "स्पर्धकास काही व्यंग आहे काय?" तिथे हे सगळे झोकदार अक्षरात लिहीत, "नाही."

हा रकाना कशासाठी, ते सांगतो. मंडळाची नियमावली इंग्रजीत होती आणि तिच्यात अपंगांचा वर्ग वेगळा ठेवलेला होता. महायुद्धातून जायबंदी होऊन आलेल्या कुणा गोऱ्या अधिकाऱ्यासाठी तो काढला असावा. अपंगानं सोबत एक मदतनीस घ्यावा, त्याचा मासा वेगळा तोलावा, आणि त्याला एक प्रशस्तिपत्र द्यावं. परवाना नाही. अपंग कोणाला म्हणावं, याचीही व्याख्या होती. त्या वर्गात कित्येक वर्षांत कोणी आलं नव्हतं.

महाराष्ट्र झाल्यावर सगळीकडे मराठीची लाट आली. रावसाहेबांनी नियमावली माझ्याकडे दिली. "जोशी, हिचं शुद्ध मराठी करा." मी दोन रविवार बसून ते केलं. अपंगाची व्याख्या मला जरा जड गेली. इंग्रजीचा अर्थ असा, की मासा बाहेर काढायला ज्याला दुसऱ्या माणसाच्या हाताची गरज पडते, तो अपंग. मी आटोपशीर लिहिलं:

"ज्यास मासा काढण्यास दुसरा हात लागतो, तो स्पर्धक अपंग समजावा."

वाक्य मला आवडलं होतं. रावसाहेबांनी सही केली, प्रती निघाल्या, आणि सर्वांनी त्या न वाचता घरी नेल्या.

पुढच्या स्पर्धेच्या अर्जांच्या दिवशी सुखदेव माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. बडनेऱ्याहून येताना गाडीत पाय मडक्यात घालून बसला होता, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी ओळखलं, बाहीच्या गाठीवरून.

"नाव घाला साहेब माहं."

मी नियमावली पाहिली. "जिल्ह्यातील कोणीही" असं तिच्यात लिहिलेलं होतं. ऐकायला भारदस्त वाटावं म्हणून लिहिलेलं वाक्य कधी कोणी खरं मानील, असं मंडळाला वाटलं नव्हतं.

"तुला कशाला रे ही हौस?"

"हौस नाई साहेब. तलाव राखीव व्हायच्या आंधी माहा बाप त्याच चिंचेखाली बसे. मी बसलो का इस्माईलमिया येते. दोन काठ्या मोडल्या त्यानं माह्या. त्याच्यावर राग नाई, त्याची नोकरी हाय. पन चोरावानी, मान वळवू वळवू मासे धराचा कटाळा आला आता. पह्यला आलो का कागद भेटते ना?"

"पेलाही मिळतो. चांदीचा."

"पेला तुमीच ठेवा. मले कागद पायजे."

इस्माईल म्हणजे तलावाचा पहारेकरी. तो व्हरांड्यात बसून सगळं ऐकत होता.

मी अर्ज भरायला घेतला. सुखदेवला लिहिता येत नव्हतं. नाव, वय, गाव विचारून लिहिलं. व्यंगाचा रकाना आला तेव्हा मी त्याला विचारलं नाही. मान वर न करता लिहिलं, "होय. डावा हात कोपरापासून नाही." अंगठा घेतला आणि त्याला पाठवून दिलं. नोकरीत मी हजारो रकाने भरले. पुन्हा भरायला मिळाला असता तर बरं झालं असतं असा हा एकच.

स्पर्धेच्या सकाळी काठावर शामियाना, खुर्च्या, चहा. मंडळाच्या काठ्या विलायती, पितळी चरख्यांच्या. सुखदेवची काठी बांबूची, चरखी नाही, शेंड्यालाच दोर बांधलेला, आणि दोरावर मोरपिसाचं देठ, मासा लागला की बुडून खबर देणारं. त्यानं चिंचेखालची जागा मागून घेतली. आधी मासे जमावेत म्हणून सरकीच्या ढेपेचे चार मुटके पाण्यात टाकले. मग बसला, उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि बोटात गळ धरला, आणि हातानं त्यावर कणकेचा गोळा इतक्या सफाईनं चढवला की मी चहा प्यायचा विसरलो.

शेजारच्या जागेवर बापूसाहेबांचा कारकून तेच काम दोन हातांनी करत होता. त्याला जास्त वेळ लागला.

दहाच्या सुमारास बापूसाहेबांना एक रोहू लागला. त्यांनी तो सुंदर खेळवला. किलोची मापं तेव्हा नवी होती. काट्यावर पाच किलो भरला, तर म्हातारी मंडळी लगेच शेरांत हिशेब करायला लागली. पेला बापूसाहेबांचाच, असं वाटत होतं.

अकराला मोरपिसाचं देठ बुडालं.

चरखी असली की मासा पळाला तरी दोर सोडता येतो. नुसत्या काठीला ती सोय नसते. दोर ताणला तर तुटतो, ढिला सोडला तर गळ निसटतो. मासा पळेल तिकडे माणसानंच जायचं. सुखदेव तेच करत होता. मासा तलावात शिरला की तो कमरेइतक्या पाण्यात जाई. मासा काठाला समांतर पळाला की हाही चिखलातून तसाच पळे, काठी उभी धरून, तोंडानं काहीतरी पुटपुटत. जवळून गेला तेव्हा मला ऐकू आलं. तो माशाला म्हणत होता, "चाल बाप्पा, चाल. मले काई घाई नाई."

मासा बाकीच्यांच्या जागांवरून पळत होता आणि त्यांचे दोर मध्ये येत होते. रावसाहेब खुर्चीतून ओरडले, "सगळ्यांनी दोर वर घ्या! त्याला जाऊ द्या!" सगळ्यांनी घेतले. बापूसाहेबांनी सर्वांत आधी घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

अर्धा तास हे चाललं. शेवटी मासा कुशीवर झाला. सुखदेवनं काठी डाव्या बगलेत घट्ट दाबली, गुडघ्यांवर बसला, उजव्या हाताची बोटं माशाच्या कल्ल्यात घातली आणि उभा राहिला. जाळी नाही, कोणी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काट्यावर सात किलोच्या वर भरला.

मी आकडा लिहिला आणि मागून आवाज आला, "हरकत आहे."

बापूसाहेब कोर्टात उभे राहत तसे उभे होते. "माझा या माणसाच्या कौशल्याशी वाद नाही. असा मासा मी आजवर धरला नाही. पण अर्जात पंचांच्याच अक्षरात व्यंग नोंदलेलं आहे. तो अपंगांच्या वर्गात जातो. त्याला प्रशस्तिपत्र द्यावं, माझ्याकडून एक काठीही द्यावी. पण मुख्य स्पर्धेत हा मासा धरता येणार नाही."

सुखदेव मासा धरून उभा होता. त्यानं मला विचारलं, "साहेब, अपंग म्हंजे काय?"

"म्हणजे... हात नसला, पाय नसला, तर..."

"थोटा."

"हो."

"मंग थोटा म्हना ना. मी हावोच थोटा. पन थोट्याले कागद काहून भेटत नाई?"

थोटा, लंगडा, आंधळा हे शब्द त्याला ठाऊक होते. ते माणसाचं काय गेलं ते सांगतात. आमचा नवा शब्द सभ्य होता, आणि त्यात माणूसच निकालात निघत होता.

रावसाहेब म्हणाले, "व्याख्या वाचा, जोशी."

मी मोठ्यानं वाचलं. "ज्यास मासा काढण्यास दुसरा हात लागतो, तो स्पर्धक अपंग समजावा."

वाचता वाचताच माझी चूक मला दिसली. दुसऱ्याचा हात लिहायचं ते मी दुसरा हात लिहून बसलो होतो. एक अक्षर खाल्लं होतं.

बापूसाहेबांना ती चूक सोन्यासारखी वाटली. "झालं तर! याला दुसरा हातच नाही."

"हात नाही हे खरं," रावसाहेब सावकाश म्हणाले, "पण नियमात 'नाही' असा शब्द नाही. 'लागतो' असा आहे."

सुखदेवच्या लक्षात आलं. "मले कुठी लागला साहेब? तुमी पायलं ना सगळ्याईनं? मले दुसरा हात लागलाच नाई. या साहेबाईले लागला." त्यानं हनुवटीनं बापूसाहेबांकडे दाखवलं. "दोन याईचे, अन् दोन कारकुनाचे."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अन् शेठजीले डायवरचे!" हशा पिकला. दलाल शेठही हसले, ते कशालाही हसत.

बापूसाहेब चिडले नाहीत. त्यांना युक्तिवादाची चटक होती. "नियम वाईट लिहिला आहे. मूळ इंग्रजी पाहू."

मूळ प्रत माझ्या पिशवीत होती. माझी चूक लपवायची तर ती घरी राहिली म्हणायचं होतं. पण अर्जाचा रकाना मी न विचारता भरला होता, तो मला सकाळपासून टोचत होता. मी प्रत काढली आणि अर्थ सांगितला. "चूक माझी आहे. मूळ शब्द 'दुसऱ्या माणसाचा हात' असा आहे."

मंडळाच्या दृष्टीनं हे जास्त वाईट होतं.

रावसाहेबांनी विचारलं, "पंच म्हणून सांगा, जोशी. सकाळपासून या माणसाच्या काठीला दुसऱ्या कोणाचा हात लागला?"

"नाही, रावसाहेब."

"माझ्या?"

माझ्या साहेबांची बदली-बढती ज्यांच्या शब्दावर हलत असे, ते हे रावसाहेब. मी त्यांच्या शिपायाकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.

"लागला, रावसाहेब. शिपायाचा."

रावसाहेबांनी आपली सुजलेली मनगटं पुढे धरून पाहिली, जणू आज प्रथमच. मग माझ्या हातातला तक्ता घेतला, मुख्य स्पर्धेतलं स्वतःचं नाव खोडलं आणि अपंगांच्या वर्गात पहिलं नाव म्हणून लिहिलं. बराच वेळ लागला, मनगट वळत नव्हतं. तक्ता बापूसाहेबांपुढे धरून म्हणाले, "वकीलसाहेब, शाईही माझीच घ्या. की कारकून लिहील?"

बापूसाहेबांनी आपलं नाव खोडून त्याखाली स्वतः लिहिलं. एवढंच म्हणाले, "नियम नियम आहे." मग सुखदेवपाशी जाऊन त्यांनी माशाच्या पाठीवरून हात फिरवला. माशाला त्यांचा हात लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला. अख्ख्या आयुष्यात मी भपका पुष्कळ पाहिला, पण भपक्याच्या आत माणूस असतो असं त्या दिवशी दोनदा वाटलं.

पुढच्या वर्षी मंडळानं नियम दुरुस्त करायला सभा घेतली. 'दुसऱ्याचा' असा शब्द घातला तर निम्मं मंडळ अपंगांच्या वर्गात जात होतं, आणि जुना ठेवला तर सगळंच. शेवटी ते कलमच काढून टाकलं. माझं मराठी इतकं परिणामकारक पुन्हा कधी ठरलं नाही.

पण त्याच्या आधी पहिल्या आलेल्या सुखदेवचा परवाना लिहायचा होता. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला. परवान्यावरही एक रकाना होता, ओळख पटण्याची खूण. मी टाक उचलला, आणि ठेवला.

"खूण काय लिहू? तू सांग."

त्यानं विचार केला. मी मनात म्हणत होतो, तो हाताचंच सांगेल, आणि सांगितलं तर लिहावंच लागेल. त्यानं वहाण काढली आणि उजवा पाय सरळ माझ्या टेबलाच्या कडेवर ठेवला. अंगठ्याच्या पेरावर एक पांढरा, वाकडा व्रण होता.

"हे लिवा. लहान होतो तवा गळ घुसला होता. बापानं काढला."

मी लिहिलं, "उजव्या पायाच्या अंगठ्यावर गळाचा व्रण." वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली आणि कागद घडी करून टोपीत ठेवला.

महिन्याभरानं मी तपासणीला तलावावर गेलो. सुखदेव चिंचेखाली बसला होता, पाठ रस्त्याकडे करून, निवांत. इस्माईल कागद हातात घेऊन त्याच्यापुढे उकिडवा बसला होता. ज्या काठीनं त्यानं दोन काठ्या मोडल्या होत्या ती बाजूला पडली होती.

"इस्माईल, याला ओळखत नाहीस का?" मी विचारलं.

"पेहचानता ना साब. पंधरा साल से पेहचानता," तो गंभीरपणे म्हणाला. "लेकिन कागज पे जो लिखा वो देखना पडता."

आणि सुखदेवनं, पाण्यावरच्या मोरपिसावरची नजर न काढता, वहाण सोडून पाय पुढे केला.